एक्सरेत हाड शाबूत, तरी खांदा का लोंबतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की दुचाकी घसरून खांद्यावर आपटलेल्यांची संख्या वाढते आणि त्याबरोबर एक वाक्य वारंवार कानावर येते : ‘एक्सरे काढला, हाड मोडलेले नाही, आठवड्यात बरे होईल.’ दुसरीकडे बातम्यांत अशा प्रत्येक दुखापतीला सरसकट ‘खांदा निखळला’ म्हटले जाते. या दोहोंच्या मध्ये एक मोठा गट हरवतो. त्याचे हाडही मोडलेले नसते आणि खांद्याचा मुख्य, गोल सांधाही निखळलेला नसतो. तुटलेले असतात ते कॉलरबोनला, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाला, धरून ठेवणारे अस्थिबंध (लिगामेंट), म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट दोर. आमचे म्हणणे एवढेच की कॉलरबोनच्या दुखापतीत हाडाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष या अस्थिबंधांकडे द्यावे. हात धडाला टांगलेला राहतो तो त्यांच्या जोरावर, आणि साध्या एक्सरेत ते दिसत नाहीत.

हाडाची ओळख थोडक्यात. मोठ्या माणसात ते साधारण १४ ते १५ सेंटिमीटर लांब असते. गळ्याच्या खळगीशेजारून निघून खांद्याच्या टोकापर्यंत जाते. वरून पाहिले तर त्याला दोन वळणे दिसतात : आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक तृतीयांश मागे वळलेला. आतला भाग जाडसर, बाहेरचा चपटा. गर्भात पाचव्या-सहाव्या आठवड्यात सर्वांत आधी हाड होऊ लागते ते हेच, आणि त्याचे छातीकडचे टोक पक्के जुळते मात्र सर्वांत शेवटी, वयाच्या तेविसाव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास. ही शेवटची गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

बैलाला आणि घोड्याला कॉलरबोन नसते. त्यांचा पुढचा पाय स्नायूंच्या पट्ट्यांनी धडाला बांधलेला असतो आणि तो मुख्यतः पुढे-मागे हलतो. माणसाला हात बाजूला, डोक्यावर, पाठीमागे न्यायचा असतो. त्यासाठी खांदा छातीपासून दूर रोवून धरावा लागतो, आणि मांडवाच्या आडव्या वाशाचे हे काम कॉलरबोन करते. खवाटा, म्हणजे पाठीवरचे ते त्रिकोणी चपटे हाड, बरगड्यांवर नुसता सरकत असतो. त्याचा धडाशी थेट सांधा नाही. संपूर्ण हाताचा बाकीच्या सांगाड्याशी हाडाला हाड भिडून होणारा सांधा एकच : कॉलरबोनच्या आतल्या टोकाचा छातीच्या मधल्या हाडाशी.

आता बाहेरचे टोक, कारण दुचाकीवाल्यांचे आणि कबड्डीपटूंचे दुखणे बहुधा तिथले. कॉलरबोन तिथे खवाट्याच्या ॲक्रोमिअन या टोकाला भिडते. हा सांधा लहान आणि जवळजवळ सपाट असतो. त्याच्याभोवती जे आवरण आहे त्याच्या वरच्या बाजूचा अस्थिबंध सर्वांत जाड असतो, आणि हाड पुढे-मागे सरकू न देणे हे त्याचे मुख्य काम. वर-खालीचा भार मात्र तो एकट्याने पेलत नाही. ते काम सांध्यापासून थोडे आत असलेल्या दुसऱ्या जोडीचे. खवाट्यातून पुढे आलेले कोराकॉइड नावाचे एक वाकडे हाडाचे बोट कॉलरबोनच्या बाहेरच्या भागाखाली येते. त्यातून दोन दोर वर जातात. मागचा आणि आतला तो कोनॉइड : खाली निमुळता, वर पसरट. तो कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकापासून सुमारे साडेचार सेंटिमीटरवर, हाडाच्या खालच्या बाजूला मागे असलेल्या उंचवट्याला चिकटतो. पुढचा आणि बाहेरचा तो ट्रॅपेझॉइड : चौकोनी, तिरका, तो टोकापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर चिकटतो. कॉलरबोन वर उचलली जाऊ नये हे कोनॉइड पाहतो. बाहेरून दाब आला की खवाटा आत, कॉलरबोनखाली घुसू नये हे ट्रॅपेझॉइड पाहतो.

हे दोर केवळ बांधून ठेवत नाहीत, हाड फिरवतातही. हात डोक्यावर नेताना एकूण १८० अंशांपैकी सुमारे १२० अंश खांद्याच्या गोल सांध्यातून येतात आणि ६० अंश खवाटा फिरल्यामुळे. खवाटा वर फिरू लागला की कोराकॉइड खाली जाते, कोनॉइड ताणला जातो. हा अस्थिबंध हाडाच्या मागच्या कडेला लागलेला असल्याने कॉलरबोन स्वतःच्या अक्षाभोवती मागे फिरते, वेगवेगळ्या मोजमापांनुसार ३० ते ५० अंश. या फिरण्याशिवाय हात कानाला लागत नाही. म्हणूनच कॉलरबोन आणि कोराकॉइड एका ताठ स्क्रूने कायमचे जखडून टाकले तर स्क्रू ढिला होतो किंवा मोडतो. तो वेळेत काढावा लागतो.

दुखापत होते कशी? हात अंगालगत असताना माणूस खांद्याच्या टोकावर पडतो. जमीन ॲक्रोमिअनला खाली ढकलते. कॉलरबोन आतल्या टोकाशी घट्ट असल्याने मागे राहते. मग ताण आधी सांध्याच्या आवरणावर, नंतर कोनॉइड-ट्रॅपेझॉइडवर येतो. अस्थिरोगतज्ज्ञ या दुखापतीच्या सहा प्रती, म्हणजे प्रकार, मानतात. पहिलीत सांध्याचे आवरण फक्त ताणलेले असते. दुसरीत ते फाटते, पण कोराकॉइडचे दोर शाबूत असतात. तिसरीत दोन्ही तुटतात आणि कॉलरबोनचे टोक वर आलेले दिसते. चौथीत ते मागे, मानेच्या स्नायूत रुतते. पाचवीत ते बरेच वर, अगदी कातडीखाली येते. सहावीत ते कोराकॉइडच्या खाली जाते. ही फारच विरळ.

‘हाड वर आले’ असे आपण म्हणतो, पण कॉलरबोन बहुतेक वेळा आपल्या जागीच असते. हाताच्या वजनाने खाली गेलेला असतो तो खवाटा आणि त्याच्याबरोबर सगळा हात. हे लक्षात आले की बरेच उपचार आपोआप ताळ्यावर येतात. वरून चिकटपट्टीने हाड दाबून बसवायचा खटाटोप व्यर्थ आहे. पट्टीखालची कातडी सोलवटते आणि हात होता तिथेच लोंबतो. आधार द्यायचा तो कोपराला, खालून. फक्त मनगटाला अडकवलेला पट्टा इथे चुकीचा, कारण कोपर मोकळे राहते आणि हाताचे वजन तुटलेल्या दोरांवरच लोंबत राहते. कोपरापासून तळव्यापर्यंत हात मावेल अशी झोळी हवी, आणि ती अशी ताणून बांधावी की दोन्ही खांदे आरशात एका पातळीत दिसतील.

एक्सरेबाबत तीन गोष्टी. खांद्याच्या नेहमीच्या एक्सरेत किरणांची मात्रा गोल सांध्यासाठी ठरवलेली असते. कॉलरबोनचा बाहेरचा सांधा लहान असल्याने त्यात जवळजवळ काळा पडतो आणि फट दिसतच नाही. त्यासाठी मात्रा कमी करून, नळी १० ते १५ अंश वर कलवून वेगळा एक्सरे घ्यावा लागतो. दुसरे, दोन्ही खांदे एकाच फिल्मवर, रुग्णाला उभे किंवा बसते करून घ्यावेत. झोपून काढलेल्या एक्सरेत हाताचे वजन खाली ओढत नाही आणि तुटलेली जागा मिटलेली दिसते. कोराकॉइड आणि कॉलरबोन यांच्यातले अंतर साधारण ११ ते १३ मिलिमीटर असते. माणसामाणसात ते बदलते, म्हणून दुसऱ्या बाजूशी तुलना महत्त्वाची. दुखऱ्या बाजूला ते ५ मिलिमीटरने किंवा पाव हिश्शाने जास्त भरले तर दोर तुटले असे समजावे. तिसरे, काखेतून घेतलेला एक्सरे. चौथ्या प्रतीत हाड मागे गेलेले असते आणि समोरून पाहिले तर सगळे ठीक वाटते. ही प्रत निसटते ती याच कारणाने. दोन्ही हातांत वजने देऊन एक्सरे काढण्याची जुनी पद्धत आता फारशी वापरत नाहीत. रुग्ण दुखण्याने स्नायू आवळून धरतो आणि निष्कर्ष फसतो.

पहिल्या दोन प्रतींना शस्त्रक्रिया लागत नाही. झोळी पहिलीत आठवडाभर, दुसरीत एक-दोन आठवडे. चौथी, पाचवी, सहावी शस्त्रक्रियेच्या. वाद आहे तो तिसरीचा, आणि तो आजही मिटलेला नाही. आमचा कल आधी दोन-तीन आठवडे झोळी, मग खवाट्याच्या स्नायूंचे व्यायाम, आणि तीन महिन्यांनंतरही वजन डोक्यावर नेताना दुखत असेल तरच शस्त्रक्रिया, असा आहे. बहुतेकांचे काम चालते. खांद्यावर दिसणारी टोकाची गाठ मात्र राहते, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. ते न सांगितल्याने होणारी भांडणे टाळता येण्यासारखी असतात. हमाली, रंगकाम, गिलावा असे हात वर ठेवून करायचे काम असलेल्यांचा विचार वेगळा करावा लागतो. शस्त्रक्रिया ठरलीच तर पहिल्या तीन आठवड्यांत केलेली बरी. तोवर तुटलेल्या टोकांत जुळण्याची ताकद असते. नंतर दुसरीकडचा स्नायुबंध (टेंडन) आणून नवा दोर घालावा लागतो. हुकाची धातूची पट्टी (प्लेट) बसवली असेल तर ती तीन-चार महिन्यांत काढलीच पाहिजे, नाहीतर हूक ॲक्रोमिअन झिजवतो. आणि कॉलरबोनभोवती गुळगुळीत तारा घालून त्या तशाच ठेवू नयेत. त्या सरकतात, आणि छातीत, मोठ्या रक्तवाहिन्यांत, अगदी हृदयापर्यंत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

प्रत्यक्ष हाड मोडते तेव्हाही गोष्ट अस्थिबंधांचीच असते. कॉलरबोनच्या दहा मोडींपैकी साधारण आठ मधल्या भागात होतात. तिथे हाडाचा आकार बदलतो आणि तिथेच एकही बळकट अस्थिबंध लागलेला नाही. दोन्ही टोके जखडलेली आणि मधले मोकळे. मोडल्यावर मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो, आणि बाहेरचा तुकडा कोराकॉइडच्या दोरांमुळे खवाट्याबरोबर खाली व आत जातो. खांदा पुढे झुकलेला, आखूड दिसतो. अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञ चार्ल्स नीअर यांनी १९६० साली २,२३५ रुग्णांचा आढावा घेतला, त्यांत फक्त ३ जणांचे हाड जुळले नव्हते. त्यावरून ‘कॉलरबोन कसेही जुळते’ हा समज कितीतरी वर्षे टिकला. २००७ साली कॅनडातील अस्थिरोगतज्ज्ञांच्या गटाने फक्त पूर्ण सरकलेल्या मोडी घेतल्या : झोळीवर ठेवलेल्या ४९ जणांपैकी ७ जणांचे हाड जुळले नाही, धातूची पट्टी बसवलेल्या ६२ पैकी २ जणांचे. याचा अर्थ प्रत्येकाला पट्टी बसवा असा नाही. तुकडे एकमेकांना भिडलेले असतील तर झोळी पुरते. टोके पूर्ण सुटून दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त एकमेकांवर चढली असतील, कातडी आतून ताणून पांढरी पडली असेल, हाड बाहेर आले असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. पट्टीच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट सांगायला विसरतात : कॉलरबोनवरून छातीकडे उतरणाऱ्या बारीक नसा कापल्या गेल्यास व्रणाखाली बधिरपणा राहतो, आणि बॅगेचा पट्टा पट्टीवर टोचतो.

पाठीवर आवळायचा आठच्या आकड्याचा पट्टा आपल्याकडे अजून सर्रास बांधला जातो. १९८७ मध्ये डेन्मार्कमध्ये तो आणि साधी झोळी यांची तुलना झाली. हाड जुळण्यात फरक दिसला नाही, त्रास पट्टेवाल्यांना जास्त झाला. काखेत आवळून हाताला मुंग्या येत असतील तर पट्टा सहन करण्यात शहाणपण नाही.

बाहेरच्या एक तृतीयांश भागातली मोड दिसायला किरकोळ असते आणि फसवते. मोड दोरांच्या बाहेर असेल, म्हणजे दोन्ही दोर आतल्या मोठ्या तुकड्याला धरून असतील, तर हाड हलत नाही आणि झोळीत जुळते. मोड दोरांच्या आत किंवा दोरांमधून गेली, आतला तुकडा दोरांपासून सुटला, तर तो वर उचलला जातो आणि न जुळण्याची शक्यता मधल्या मोडीपेक्षा बरीच वाढते. दोन मोडींमध्ये एक्सरेवर एखाद्या सेंटिमीटरचा फरक असतो, उपचार मात्र उलटे. लहान मुलांत आणखी वेगळे : हाड आपल्या जाड वेष्टनातून केळे सालीतून निसटावे तसे बाहेर येते, पण दोर वेष्टनाला धरून राहतात. वेष्टनात नवे हाड भरते. म्हणून मुलांत तेच चित्र दिसले तरी सहसा शस्त्रक्रिया लागत नाही.

आतले टोक क्वचितच दुखावते, पण दुखावले तर दुर्लक्ष परवडत नाही. कॉलरबोनच्या आतल्या टोकाचा निम्म्याहून कमी भाग छातीच्या हाडाला भिडतो. हाडांचा मेळ इतका उथळ की सारी भिस्त अस्थिबंधांवर. सांध्याच्या आत एक कूर्चेची (कार्टिलेजची) चकती आहे. ती वर कॉलरबोनला आणि खाली पहिल्या बरगडीच्या कूर्चेला बांधलेली असते, त्यामुळे हाड आत घसरत नाही. पहिल्या बरगडीतून कॉलरबोनच्या खालच्या बाजूला जाणारा आखूड, जाड अस्थिबंध टोक वर उचलू देत नाही. दोन्ही कॉलरबोन गळ्याच्या खळगीवरून एकमेकींना एका पट्ट्याने जोडलेल्या असतात. आणि सांध्याच्या मागच्या बाजूचे आवरण सर्वांत बळकट आहे, ते बरे आहे : त्यामागे श्वासनलिका, अन्ननलिका आणि हाता-डोक्याकडच्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत.

टोक पुढे निखळले तर गाठ दिसते आणि बहुधा निभावते. मागे निखळले तर गाठीऐवजी खड्डा दिसतो, सुजेने तोही झाकला जातो. गिळताना अडकणे, आवाज बसणे, धाप, त्या हाताला सूज किंवा निळसरपणा, यांपैकी काहीही असेल तर सीटी स्कॅन त्याच दिवशी हवा, आणि हाड जागेवर आणायचे ते शस्त्रक्रियागृहात, छातीचे सर्जन हाताशी असताना. तिथे हाडवैद्याकडून झटका देणे म्हणजे जिवाशी खेळ. पंचविशीच्या आतल्या रुग्णात सांधा निखळल्यासारखे दिसले तरी बऱ्याचदा वाढीच्या रेषेतून हाड सुटलेले असते. वर सांगितलेले उशिरा जुळणारे टोक ते हेच.

घरी करण्याची कामे. पडल्यावर हात छातीशी धरून ओढणीची किंवा पंचाची झोळी करावी, चोळू नये, गरम शेक देऊ नये. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे. मनगटाची नाडी दोन्ही बाजूंना सारखी लागते का आणि बोटे हलतात का हे पाहावे. शर्ट काढताना आधी चांगला हात, घालताना आधी दुखरा. पहिल्या दिवसापासून बोटे, मनगट, कोपर हलवत राहावे. कोपर झोळीत तीन आठवडे वाकवूनच ठेवले तर ते आखडते आणि मग दोन सांध्यांचे दुखणे होते. वेदना ओसरल्यावर कमरेत वाकून हात लोंबता ठेवून हलके झोके द्यावेत. मोडीत हात सहा आठवडे खांद्याच्या पातळीवर नेऊ नये. जड वजन आणि दुचाकी एक्सरेत जुळलेले दिसेपर्यंत नाही, सामान्यतः तीन महिने. विडी-सिगारेट बंद, धूम्रपान करणाऱ्यांत हाड न जुळण्याचे प्रमाण जास्त आढळते.

नवजात बाळांबद्दल एक गोष्ट राहिली. प्रसूतीत खांदा अडकला तर सर्वांत जास्त मोडणारे हाड कॉलरबोनच असते. बाळ एक हात कमी हलवते, उचलताना रडते. आठ-दहा दिवसांनी तिथे टणक गाठ लागते. ती गाठ म्हणजे जुळत असलेले हाड. मालीश करणाऱ्या बाईंना तिथे आणि त्या हाताला चोळू देऊ नये; बाही अंगरख्याला टाचून हात छातीशी ठेवला की दोन-तीन आठवड्यांत काम होते. पण गाठ जुळून दुखणे थांबल्यावरही हात लुळाच पडून राहत असेल, कोपर वाकत नसेल, तर प्रश्न हाडाचा नाही, मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा आहे. अशा बाळाला लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकू लागले नाही तर नसांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडे पाठवायला उशीर करू नये.

आपले,
शरीररचनाशास्त्राच्या एक अध्यापिका आणि एक अस्थिरोगतज्ज्ञ, पुणे
(नावे व पत्ते संपादकांकडे)